टोंगऱ्याला पंधरा दिवस पुरत नाहीत

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना मोहाडीहून (जि. भंडारा) खुले पत्र

महोदय,

नागपूरकडचा माणूस गुडघ्याला टोंगळा म्हणतो. झाडीपट्टीच्या बोलीत ळ टिकत नाही, म्हणून इकडे त्याचा टोंगरा होतो. मोहाडी तालुक्यातल्या साठी ओलांडलेल्या बाईला तब्येत विचारून बघा. बीपी आणि साखरेच्या आधी टोंगऱ्याचं नाव निघेल. हे पत्र त्या टोंगऱ्याविषयी आहे. नेमकं सांगायचं, तर गुडघा बदलून घरी आल्यानंतरच्या तीन महिन्यांविषयी आहे.

सुरुवात एसटीपासून करावी. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या प्रवाशाला राज्याच्या एसटीत तिकीट लागत नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही सवलती गावागावात पोचल्या. तुमसर-भंडारा रस्त्यावर मोहाडीच्या थांब्यावर उभं राहिलं की दिसतं, पैशाचा प्रश्न सुटलेला आहे आणि पायरीचा अडलेला आहे. म्हातारी आधी दांडा धरते, मग पिशवी आत सरकवते, मग एक पाय चढवते आणि दुसरा हाताने उचलून घेते. मागचा माणूस आधार देतो. वाहक घंटी द्यायला थांबतो. प्रवास फुकट असतो, पण तो सुरू व्हायलाच दोन टोंगरे लागतात.

हे टोंगरे झिजले कसे, हे इथल्या कामात लिहिलेलं आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा. आषाढ-श्रावणात रोवणीला बाई दिवसदिवस चिखलाच्या बांधीत वाकलेली असते. निंदणाला ती उकिडवी बसते, कापणीला पुन्हा उकिडवी, आणि तशीच पुढे सरकत जाते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचायची, तीही जमिनीवरूनच. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मांडी मोडत नाही. तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी नावाजलेलं आहे. तिथे खड्डामागावर बसणाऱ्याचे पाय निदान खड्ड्यात सुटे सोडलेले असतात. कांड्या भरणारी मात्र जमिनीवर असते. त्यात घरची चूल, भांडी, धुणं आणि बसका संडास. दिवसातून किती वेळा तो सांधा पूर्ण मिटतो आणि अंगाचं ओझं घेऊन उघडतो, ते कोणी मोजत नाही.

जगात मात्र हे मोजलं गेलं आहे. बीजिंगमधल्या साठीपुढच्या बायकांची तुलना अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या गोऱ्या बायकांशी केली, तेव्हा २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीजिंगच्या बायकांत गुडघ्याची झीज जास्त आढळली. नंतरच्या पाहणीत तरुणपणी दीर्घकाळ उकिडवं बसण्याशी त्या झिजेचा संबंध दिसला. आपल्याकडे पुण्याचे सांधेरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. त्यात चार हजारांहून जास्त प्रौढांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना असं दुखणं निघालं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यासह देशातल्या पाच ठिकाणांच्या पाहणीत तपासलेल्या प्रौढांपैकी २८.७ टक्के लोकांत गुडघ्याची झीज होती, आणि बायकांत ती पुरुषांपेक्षा जास्त होती. गुडघेदुखी हे काही श्रीमंतांचं म्हातारपण नव्हे. ते कष्टाचं हाड आहे.

तरी या शस्त्रक्रियेची देशभर पहिली मोठी चर्चा झाली ती पंतप्रधानांमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. त्या वेळी ते ७५ वर्षांचे होते, म्हणजे आज एसटीत फुकट बसले असते. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन रानावत हे शल्यचिकित्सक होते. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज समजला जाणारा सांधा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत ज्यांनी घडवला, त्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर रानावतही होते. जून २००१ मध्ये वाजपेयींचा उजवा गुडघाही झाला. गुडघा बदलता येतो, ही गोष्ट त्या आठ महिन्यांत पारावर पोचली. परवडते का, हा प्रश्न तिथेच बसून राहिला.

त्या प्रश्नाला सरकारने एकदा जोरकस हात घातला, हे मान्य करायलाच हवं. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती बांधल्या. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोवर सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडत होता. तो ५४,७२० रुपयांवर आला. टायटॅनियमचा सांधा ७६,६०० रुपयांवर बांधला गेला. जीएसटी वेगळा. पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर २०१८ रोजी, आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि तिच्या यादीत गुडघा बदलणं आलं. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला जोडून चालते. २०२३ च्या निर्णयाने राज्याच्या योजनेचं संरक्षणही कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं कार्ड मिळू लागलं.

म्हणजे धातूची किंमत बांधली गेली आणि ऑपरेशनचा खर्च योजनेत आला. राहिलं काय?

ते कळण्यासाठी ऑपरेशन म्हणजे काय, हे आधी बघावं लागेल. "गुडघा बदलला" असं म्हणतात, पण अख्खा गुडघा कोणी काढत नाही. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात. मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीच्या हाडाचा माथा, दोन्हींवरचा झिजलेला थर सुमारे ८ ते १० मिलिमीटर कापून काढतात. वरच्या हाडावर धातूची टोपी बसते, खालच्या हाडावर धातूचं छोटं ताट, आणि दोन्हींच्या मध्ये टणक प्लास्टिकची चकती, जी आता कूर्चेचं काम करते. हे सगळं बहुधा हाडाच्या खास सिमेंटने पक्कं करतात. दातावर टोपी बसवण्याचाच हा प्रकार, फक्त मोठ्या सांध्यावर. काम तास-दीड तासाचं. सर्जन हात धुऊन बाहेर येतो, तेव्हा त्याचं काम बरंचसं संपलेलं असतं. बाईचं काम तिथून सुरू होतं.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून तिला उभं करतात. घरच्यांचा जीव वरखाली होतो, पण यात घाई नाही, गरज आहे. पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताची गाठ धरू शकते. म्हणून पहिल्या तासांपासून पाऊल वरखाली हलवायला लावतात. तीन-पाच दिवसांत सुट्टी होते. बारा-चौदा दिवसांनी टाके किंवा पिना निघतात. तोवर गुडघा ९० अंशांच्या जवळपास वाकायला हवा आणि, त्याहून महत्त्वाचं, पूर्ण सरळ व्हायला हवा. इथेच घरोघरी एक चूक होते. वाकलेला गुडघा कमी दुखतो, म्हणून माया करणारी सून गुडघ्याखाली उशी सरकवते. चार दिवस आराम मिळतो आणि सांधा तसाच वाकडा धरतो. उशी ठेवायचीच, तर टाचेखाली ठेवायची.

मग रोजचा रतीब सुरू होतो. गादीवर टाच घासत पाय जवळ ओढायचा. मांडीचा स्नायू आवळून पाच-दहा आकडे मोजायचे. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. खुर्चीवरून हाताच्या आधाराशिवाय उठायचं. दिवसातून तीन-चार वेळा, दुखत असताना, सूज असताना. पायऱ्यांचा एक नियम पाठ करावा लागतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. साधारण सहा आठवड्यांत बहुतेक जण वॉकर सोडून काठीवर येतात. तीन महिन्यांत घरातली कामं अंगवळणी पडतात. पूर्ण ताकद यायला वर्षही लागतं. जखमेच्या बाहेरच्या बाजूला चामडीचा एक पट्टा बधिर राहतो. गुडघा महिनोन्‌महिने जरा गरम लागतो, चालताना कधी टिक असा आवाजही करतो. हे सगळं नेहमीचं आहे, पण आधी कोणी सांगितलं नसेल, तर रात्री अडीच वाजता त्याची भीतीच वाटते.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना: जखमेतून पाणी किंवा पू, ताप, पोटरीची वाढती सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं. शंभरात एक-दोघांना सांध्याचा जंतुसंसर्ग होतो, आणि तो झाला की ते पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड प्रकरण असतं. व्यायाम चुकला, तर सांधा आखडतो आणि भूल देऊन तो जोराने वाकवण्याची वेळ येते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या १,७०३ गुडघ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात पाचांतला एक रुग्ण समाधानी नव्हता. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. देशोदेशींच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या हिशेबात असे सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. टिकाऊ वस्तू आहे, पण ती चालती ठेवण्याची मेहनत बसवून मिळत नाही.

आता योजनेचा कागद उघडा. आयुष्मानमध्ये सुट्टीनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. फुले योजनेत सुट्टीनंतरची तपासणी आणि औषधं १० दिवसांपर्यंत. बाह्यरुग्ण उपचार आयुष्मानच्या बाहेर आहेत, आणि फिजिओथेरपी म्हणजे आठवडेच्या आठवडे बाह्यरुग्ण विभागात जाणं. टाके काढायचा दिवस उजाडतो, त्याच सुमारास योजना निरोप घेते. ज्या अडीच महिन्यांत गुडघा चालायचा की आखडायचा हे ठरतं, त्या काळात ती बाई एकटी असते.

एकटी म्हणजे किती एकटी, हे मोहाडीवरून बघा. मोठं ऑपरेशन म्हटलं की इथला माणूस नागपूरचं 'मेडिकल' म्हणतो. ते सुमारे ८० किलोमीटरवर आहे. वरठीचं भंडारा रोड स्टेशन याच तालुक्यात आहे, हावडा-मुंबई मार्गावर. पण स्टेशनवर पायऱ्या आहेत, गाडीच्या डब्याला पायऱ्या आहेत आणि एसटीच्या पायरीची गोष्ट वर येऊन गेली. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी नागपूरला जायचं, तर भाडं, सोबतीच्या माणसाची मजुरी आणि सुजलेला पाय, तिन्ही जमेला धरावे लागतात. दोन खेपांनंतर बाई म्हणते, "घरीच करतो मी व्यायाम." (इकडे बाईही करतोच म्हणते.) घरी मग शेजारीण सांगते तो व्यायाम होतो, किंवा तेल चोळलं जातं.

ऑपरेशन कधी करावं, यातही गावाचं पंचांग आहे. रोवणीत बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी फाटते. पायावर अशी जखम असताना सांधा बदलणं म्हणजे जंतूंना आवतण. म्हणून सर्जन आधी ती बरी करायला सांगतात, शिवाय साखर आणि हिमोग्लोबिन ताब्यात आणायला लावतात. धान घरात आल्यावर ऑपरेशन केलं, तर पुढच्या रोवणीपर्यंत सात-आठ महिने मिळतात. हा हिशेब गावातली आशाताई करून देऊ शकते, मुंबईतलं कॉल सेंटर नाही. आणि ज्यांचं दुखणं वजन उतरवून, मांडीचे स्नायू बळकट करून, गोळ्यांवर निभतं, त्यांना ऑपरेशनच्या रांगेत ढकलू नये, हेही स्थानिक पातळीवरच ठरायला हवं. त्यालाही फिजिओथेरपिस्टच लागतो.

घराचं काय? नव्या गुडघ्याने उकिडवं बसणं बहुतेक सर्जन टाळायला सांगतात. स्वच्छ भारतच्या लाटेत गावोगाव संडास झाले, पण ते बसके. चूल खाली, पंगत खाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. कमी उत्पन्नाच्या ६५ वर्षांवरच्या माणसाला त्यात साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. यादीत नि-ब्रेस आहे, फोल्डिंग वॉकर आहे, कमोड खुर्चीही आहे. म्हणजे टोंगऱ्याची दखल शासनाने घेतलेली आहे. फक्त खुर्ची एका खात्यात, ऑपरेशन दुसऱ्यात, सर्जन वैद्यकीय शिक्षणाकडे, आणि व्यायाम कोणाकडेच नाही, अशी टोंगऱ्याची वाटणी झाली आहे.

महोदय, नव्या योजनेची घोषणा करा, अशी या पत्राची विनंती नाही. जे आहे ते जोडावं, इतकंच मागणं आहे.

पहिलं, गुडघा बदलणाऱ्या रुग्णासाठी सुट्टीनंतरचा काळ १०-१५ दिवसांवरून ९० दिवसांवर न्यावा आणि त्यात फिजिओथेरपीच्या ठरावीक बैठका धराव्यात. केंद्राच्या योजनेत बदल व्हायला वेळ लागेल, पण फुले योजना राज्याच्या हातात आहे.

दुसरं, २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमाच्या आराखड्यात सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर ज्येष्ठांचा दवाखाना, पुनर्वसन कार्यकर्ता आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटी धरलेल्या आहेत. हे मोहाडीसह प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात चालतं करावं. त्याला फार यंत्रं लागत नाहीत. एक खोली, दोन खाटा, भिंतीला दांडा, चार लाकडी पायऱ्या आणि कोन मोजायची पट्टी पुरते. दिवस आठवडी बाजाराचा ठेवावा. त्या दिवशी खेड्यांतून माणसं येतातच.

तिसरं, भंडाऱ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन केलं, त्यांत ते होतं. खातं आपलं नसलं, तरी सरकार एकच आहे. तिथे सांधेबदलाचा ठरलेला वार सुरू झाला, तर ८० किलोमीटरचं अंतर विसावर येईल. त्या वाराच्या आदल्या आठवड्यात रुग्ण आणि घरचं एक माणूस यांना अर्धा दिवस बोलावून वॉकर, व्यायाम, उशी, पायरी आणि संडास हे पाच धडे द्यावेत. ऑपरेशननंतर दुखत असताना शिकण्यापेक्षा हे आधी शिकलेलं लक्षात राहतं. वयोश्रीचा अर्जही त्याच टेबलावर भरून घ्यावा.

चौथं, मोजमाप बदलावं. योजनेच्या अहवालात किती सांधे बसवले याची संख्या येते. तीन महिन्यांनी गुडघा किती अंश वाकतो, बाई काठीशिवाय चालते का, संडासला एकटी जाते का, हे तीन रकाने त्यात वाढवावेत. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून ठेवली, म्हणून कोणता सांधा टिकतो आणि कोणता सोडून द्यायचा, हे त्या देशाला आकड्यांवरून ठरवता आलं. आपल्याकडे आशाताईच्या वहीत तीन रकाने वाढवण्याइतकंच हे काम आहे.

मोहाडीला गायमुख नदीकाठी चौंडेश्वरी मातेचं देऊळ आहे. नवरात्रात तिथे तालुका लोटतो. गुडघा बदलायला निघालेल्या इकडच्या बाईला कशासाठी बदलतेस असं विचारलं, तर ती अंशांचा आकडा सांगणार नाही. देवीला आपल्या पायांनी जायचं, बाजारात एकटीनं जायचं, लेकीकडे जाताना एसटीत कोणाला ढकलावं लागू नये, असं ती सांगेल. किंमत बांधलेल्या त्या धातूकडून तिची एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून, महोदय, येत्या रोवणीच्या आत एक गोष्ट करून दाखवावी. मोहाडीच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, एक पाटी लावावी: 'गुडघ्याचा व्यायाम, दर बाजाराच्या दिवशी, सकाळी ९ ते १'. आणि पाटीमागच्या खोलीत त्या वेळेत माणूस हजर असावा.

कळावे,
मोहाडी तालुक्यातल्या दुखऱ्या टोंगऱ्यांच्या वतीने